शाळांचा कारभारी कोण नेमतं?

पालिकेच्या शाळेत वर्गाला बाई मिळाल्या नाहीत, पुस्तकं उशिरा आली, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, असं काही झालं की आपण मुख्याध्यापकांकडे जातो. मुख्याध्यापक शांतपणे म्हणतात, “आम्ही वर कळवलंय.” आपण घरी येतो. पण हे ‘वर’ म्हणजे कोण, आणि त्याला तिथे बसवलं कोणी, हे आपण फारसं विचारत नाही. आज आम्ही तुम्हाला त्याच खुर्चीचा इतिहास सांगणार आहोत.

आधी आपल्या भागाचं बघू. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या पालिका शाळा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आहेत आणि त्या विभागाला एक प्रमुख अधिकारी असतो. म्हारळ, गोवेली, खडवली अशा गावांतल्या शाळा जिल्हा परिषदेच्या. तिथे तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्या वर ठाण्याला प्राथमिक विभागाचे शिक्षणाधिकारी. शिक्षकांच्या जागा, वर्गांची व्यवस्था, तपासणी, तक्रारी, सगळं या टेबलांवरून जातं. सगळ्या शाळांचा कारभारी म्हणा ना!

आता थोडा घोळ सोडवून घेऊ. ‘शिक्षण मंडळ’ म्हटलं की कुणाला दहावी-बारावीचं बोर्ड आठवतं. कुणाला गावातली एखादी खाजगी संस्था आठवते, कारण आपल्याकडे बऱ्याच संस्थांच्या नावात हे शब्द आहेत. आजचं आपलं मंडळ तिसरं आहे. सरकारी आणि पालिका शाळा चालवण्यासाठी नेमलेलं किंवा निवडलेलं ते मंडळ. असं मंडळ आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वीही होतं.

१८४० साली मुंबई इलाख्यात ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन झालं. त्यात सरकारने नेमलेली माणसं होती आणि एतद्देशीय शिक्षण संस्थेने, म्हणजे तेव्हाच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने, निवडून दिलेले तीन हिंदी सदस्य होते. त्या तिघांत एक नाव तुमच्या ओळखीचं आहे, जगन्नाथ शंकरशेट. पुढे सर एर्स्किन पेरी या बोर्डाचे अध्यक्ष झाले. शिकवायचं कोणत्या भाषेत, यावर पेरी आणि शंकरशेट यांचं चांगलंच वाजलं. पेरींचा ओढा इंग्रजीकडे. शंकरशेट म्हणत, सामान्य माणसापर्यंत विद्या न्यायची तर ती त्याच्याच भाषेत न्यायला हवी.

याच बोर्डाच्या काळात, १८४० च्या दशकात, मराठी शाळांवर देखरेख ठेवायला सुपरिंटेंडंट नेमले गेले. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्यांतले एक. शाळा तपासायच्या, शिक्षक पारखायचे, बोर्डाला अहवाल द्यायचा, असं हे काम. मंडळाने सुपरिंटेंडंट नेमायचा, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. पण या मंडळात शाळेत मूल पाठवणाऱ्या साध्या माणसाला जागा नव्हती, आणि बाईला तर नव्हतीच.

१८५४ साली विलायतेहून शिक्षणाविषयीचा मोठा खलिता आला. तोच ‘वुडचा खलिता’. त्यानुसार १८५५ साली बोर्ड गेलं आणि त्याच्या जागी शिक्षण खातं आलं. खात्याचा प्रमुख संचालक, त्याला सरकारने नेमायचं. खाली तपासनीस, त्यांनाही खात्यानेच नेमायचं. मंडळ संपलं, खातं सुरू झालं. योगायोग असा, की आपल्या कल्याणची नगरपालिकाही १८५५ सालचीच. गावाला आपला कारभार बघणारी नगरपालिका मिळाली त्याच वर्षी शाळांची दोरी खात्याच्या हातात गेली. पुढची दीडशे वर्षं ही दोरी कधी गावाकडे, कधी सरकारकडे ओढली जात राहिली.

१८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचं धोरण आणलं. गावाचा कारभार गावाने बघावा, त्यात शाळाही आल्या. त्याच वर्षी हंटर कमिशन शिक्षणाची पाहणी करत होतं. कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी पुष्कळांना माहीत असते. त्याच निवेदनातला आणखी एक मुद्दा मात्र मागे पडतो. मोठ्या गावांतल्या नगरपालिकांकडून शाळांचा खर्च जरूर घ्या, पण शाळांचा सगळा कारभार त्यांच्या हवाली करू नका, देखरेख शिक्षण खात्याकडेच ठेवा, असं त्यांनी मांडलं.

स्वराज्य नको असं जोतीराव कशाला म्हणतील? पण त्या काळच्या नगरपालिकांत कोण बसत होतं, ते त्यांना दिसत होतं. मतदार मोजके, निवडून येणारेही गावातल्या वजनदार घरांतलेच. त्यांच्या हातात शाळा गेली तर शूद्रातिशूद्रांच्या मुलांना बाकावर जागा कोण देणार? म्हणून त्यांना गावापेक्षा लांबचं खातं बरं वाटलं. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण ती पुढेही येणार आहे.

आता विसाव्या शतकात येऊ. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली. १९२० साली पुण्यात यावर मोठा वाद पेटला. पैसे कमी आहेत, तेव्हा सक्ती आधी फक्त मुलांना लावावी आणि मुलींचं नंतर बघू, असा सूर निघाला. रमाबाई रानडे पुढे झाल्या. बायकांच्या सभा झाल्या, मोर्चा निघाला. मुलींना वगळू नका, एवढीच मागणी. विचार करा, त्या वेळी स्त्रियांना विधिमंडळासाठी मताचा हक्कसुद्धा नव्हता. मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने तो १९२१ साली मान्य केला. म्हणजे मुलींच्या शाळेचा निर्णय ज्या दालनात व्हायचा, तिथे बायका नव्हत्या. त्या रस्त्यावर होत्या.

१९२३ साली नवा कायदा आला. शिक्षणाचं खातं तेव्हा डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याकडे होतं. या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्ह्यांची लोकल बोर्डं आणि मोठ्या नगरपालिका यांच्याकडे सोपवला. त्यांनी शिक्षण मंडळ निवडायचं, इंग्रजीत स्कूल बोर्ड. रोजचं काम बघायला एक प्रशासन अधिकारी हवा, त्यालाही स्थानिक संस्थेनेच नेमायचं. हाच आपल्याकडचा सुपरिंटेंडंट. तो गावाचा नोकर झाला. त्याची नेमणूक सभेत ठरणार, त्याचा पगार सभेत मंजूर होणार आणि त्याला जाब विचारणारेही गावचेच.

ऐकायला किती छान वाटतं! पण एक साधी गोष्ट आहे, मैत्रिणींनो. ज्याच्या सहीने नेमणूक होते, त्याच्याकडे माणसाचं तोंड असतं. मंडळात एका गटाचं बहुमत असलं की अधिकारी त्या गटाचं ऐकणार. शिक्षकाची बदली कुठे करायची, नव्या शाळेला कोणती आळी द्यायची, यात शिक्षणापेक्षा गावचं राजकारण शिरतं. शाळामास्तरांना निवडणुकीच्या कामाला जुंपल्याच्या आणि न ऐकणाऱ्याला लांब फेकल्याच्या तक्रारी त्या काळात सुरू झाल्या.

१९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला निवेदन दिलं. त्यात त्यांनी हा प्राथमिक शिक्षणाचा कायदा रद्द करण्याची आणि शाळा स्कूल बोर्डांकडे सोपवणं थांबवण्याची मागणी केली. नाहीतर अस्पृश्य मुलांच्या शिक्षणाची पीछेहाट होईल, हे त्यांनी बजावलं. बघा, जोतीरावांनंतर सेहेचाळीस वर्षांनी तीच भीती. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, हार्टोग समितीचा अहवाल आला. शाळा स्थानिक संस्थांकडे सोपवण्यात सरकार वाजवीपेक्षा पुढे गेलं, तपासणी ढिली पडली, ती पुन्हा घट्ट केली पाहिजे, असं या समितीने म्हटलं. पहिलीत घातलेली मुलं चौथीपर्यंत पोचत नाहीत, या गळतीकडेही तिनेच बोट दाखवलं.

मग दोरी पुन्हा सरकारकडे ओढली गेली. १९३८ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९२३ च्या कायद्यात दुरुस्ती केली. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने नवी घडी बसवली. मंडळ निवडून आलेलं राहिलं, पण जिल्हा मंडळाचा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर ठरला. मंडळाने धोरण ठरवावं, सरकारी अधिकाऱ्याने ते राबवावं आणि सरकारने लक्ष ठेवावं, अशी ही विभागणी. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्याची शिक्षण मंडळं त्यांच्या शिक्षण समितीत विरून गेली. सभापती लोकांनी निवडलेल्या सदस्यांतला आणि शिक्षणाधिकारी राज्याने पाठवलेला, ही जोडी तेव्हापासून आपल्या ओळखीची आहे. शहरांत मात्र पालिकांची शिक्षण मंडळं पुढेही चालू राहिली.

इथे थोडं आपल्या देशाबाहेर जाऊ, कारण स्कूल बोर्ड आणि सुपरिंटेंडंट ही जोडी अमेरिकेत आजही गावोगाव आहे. तिथे बहुतेक ठिकाणी लोक स्कूल बोर्ड निवडतात आणि ते बोर्ड सुपरिंटेंडंट शोधतं. त्याच्याशी ठरावीक मुदतीचा करार करतं आणि काम पटलं नाही तर दुसरा बघतं. १९०९ साली शिकागो शहराच्या बोर्डाने एला फ्लॅग यंग या बाईंना सुपरिंटेंडंट नेमलं. तिथलं बोर्ड महापौरांनी नेमलेलं असे. बाईंचं वय तेव्हा चौसष्ट, आणि सगळी हयात शाळांत गेलेली. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांची प्रमुख झालेली ती पहिली बाई.

१९१३ च्या डिसेंबरात बोर्डातल्या काही सभासदांनी मतदानाच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला निवडलं. शहरातल्या बायका खवळल्या. त्याच वर्षी इलिनॉय राज्याने स्त्रियांना शहराच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क दिला होता. त्यामुळे महापौरांना या बायकांकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नव्हतं. बोर्डातले काही सभासद बदलले गेले आणि यंगबाई परत आपल्या खुर्चीवर बसल्या. १९१५ साली त्या निवृत्त झाल्या.

पुण्याच्या आणि शिकागोच्या बायकांत फरक कशाचा होता? धीर दोन्हीकडे होता. शिकागोत मागणीच्या पाठीशी मत होतं, आणि नेमणूक शहरातच होत असल्यामुळे ते मत नेमकं लागू पडलं. तरी तिथली पद्धत आपल्यापेक्षा चांगलीच, असं आम्ही म्हणत नाही. बोर्डाच्या भांडणात एका चांगल्या बाईंची खुर्ची जाता जाता राहिली, हेही त्याच गोष्टीत आहे. गावाच्या हातात नेमणूक असली की गावचे गट आलेच. जोतीराव आणि बाबासाहेब यांची भीती खोटी नव्हती. पण लांबून आलेल्या अधिकाऱ्याचं तोंड लांबच असतं, हेही तितकंच खरं. म्हणून नेमणूक गावाने करायची की सरकारने, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. नेमणूक करणाऱ्यांत आणि जाब विचारणाऱ्यांत बसतं कोण, हा त्याच्या पोटातला प्रश्न आहे.

तोच धरून आता आपल्या शहरात परत येऊ. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याणची महापालिका झाली आणि डोंबिवली तिच्यात आली. पालिकेला शिक्षण मंडळ होतं, त्याला सभापती होता. आधी मंडळात आणि सभागृहात पुरुषच जास्त. मग घटनेच्या ७३ आणि ७४ व्या दुरुस्त्यांनी, १९९२-९३ साली, स्थानिक संस्थांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. पुण्याचा मोर्चा आठवा. नव्वद वर्षांनी रस्त्यावरच्या बाईला दालनात निम्मी जागा मिळाली.

आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१३ साली, राज्याने कायदा बदलून पालिकांची शिक्षण मंडळं रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्याला कारणं होती. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. त्यात शाळांची जबाबदारी थेट ‘स्थानिक प्राधिकरणा’वर, म्हणजे पालिकेवर टाकली आहे. मग मध्ये वेगळं मंडळ कशाला, असा विचार झाला. मंडळांच्या खरेदीविषयी आणि कारभाराविषयी ठिकठिकाणी तक्रारीही होत्या. त्यानंतर शाळांचा विषय पालिकेच्या सभेकडे आणि तिच्या समितीकडे आला.

पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक वेळेवर झाली नाही. आयुक्त हेच प्रशासक झाले आणि कित्येक वर्षं शहराला निवडून दिलेलं सभागृहच नव्हतं. शाळांवर नजर ठेवणारी समिती नाही, सभापती नाही, आपल्या वॉर्डातल्या बाई नगरसेविका नाहीत. बायकांना निम्म्या जागा मिळाल्या, पण त्या टेबलावरून मंडळ उठलं आणि मग काही वर्षं टेबलच उचललं गेलं. हे कुणी मुद्दाम बायकांविरुद्ध केलं, असं आम्ही म्हणत नाही. पण घडलं ते असं.

मग आज आपला अधिकारी कसा ठरतो? शिक्षणाधिकारी हे महाराष्ट्र शिक्षण सेवेतले राजपत्रित अधिकारी. काही लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात, काही खात्यात बढती मिळवून. महापालिकेत असे अधिकारी प्रतिनियुक्तीवर, म्हणजे राज्याकडून काही मुदतीसाठी, पाठवले जातात. बदलीचा कायदा २००५ सालचा आहे आणि त्यात एका जागी राहण्याचा साधारण काळ तीन वर्षांचा धरला आहे. जागा रिकामी राहिली तर दुसऱ्या कुणाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ दिला जातो. एका माणसाकडे दोन खुर्च्या आल्या की शाळांच्या वाट्याला उरलेला वेळ येतो. या पद्धतीचं चांगलं असं, की अधिकारी परीक्षेतून पारखलेला असतो आणि कुठल्या एका आळीचा नसतो. वाईट असं, की त्याच्या नेमणुकीत, मुदतीत किंवा बदलीत शहराला कुणी विचारत नाही. मूल पहिलीतून पाचवीत जाईपर्यंत खुर्चीवरचा माणूस बदललेला असू शकतो.

यावर आपल्या हातात काय आहे? नेमणुकीचा हक्क आपल्याला नाही, पण जाब विचारायचे तीन रस्ते कायद्याने दिलेले आहेत. ते नीट ऐका.

पहिला रस्ता शाळा व्यवस्थापन समितीचा. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत ही समिती असतेच. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं आणि अनुदान कसं खर्च झालं ते बघणं, हे तिचं काम आहे. सरकारी आणि पालिका शाळेत शाळा विकासाचा आराखडाही तिनेच करायचा असतो. अनुदानित शाळेत तिचं काम सल्ला देण्यापुरतं ठेवलं आहे. म्हणून समितीच्या वहीवर घाईघाईत सही करून निघू नका. सही करण्याआधी काय लिहिलंय ते वाचा, आणि आपलं म्हणणं तिथे लिहायला लावा. तोंडी सांगितलेलं ‘वर’ जात नाही, वहीत लिहिलेलं जातं.

दुसरा रस्ता ३२ व्या कलमाचा. मुलाच्या शिक्षणहक्काबाबत तक्रार असेल तर कुणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करू शकतं. तीन महिन्यांत दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. तारीख आणि शिक्का असलेली पोच आपल्याकडे असली की तीन महिने मोजता येतात.

तिसरा रस्ता माहितीच्या अधिकाराचा, तोही २००५ सालचाच. आपल्या शिक्षण विभागात किती पदं मंजूर आहेत, किती भरली आहेत, प्रमुख अधिकाऱ्याकडे पूर्ण कार्यभार आहे की अतिरिक्त, मागच्या दहा वर्षांत त्या खुर्चीवर किती जण आले आणि किती दिवस राहिले, हे विचारता येतं. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. साधे प्रश्न आहेत, पण त्यांची उत्तरं एका कागदावर आली की शाळा का रखडते ते बरंचसं कळतं.

चौथी गोष्ट कायद्यातली नाही, आपली आहे. मत मागायला जे दाराशी येतात, त्यांना आपण पाणी, रस्ता, कचरा विचारतो. शाळेचंही विचारा. शिक्षण समितीवर कोण बसणार, ती वर्षातून किती वेळा बैठक घेणार, मधेच अधिकारी बदलला तर तुम्ही सभागृहात विचारणार का? उमेदवार बाई असो की बुवा, दोघांनाही विचारा. बाई निवडून आली म्हणजे शाळेचा प्रश्न आपोआप मांडला जातो असं नाही. तो मांडायला तिच्या मागे आपण लागतो.

आनंदीबाई जोशींचा जन्म १८६५ सालचा, आपल्या कल्याणातला. त्या काळात मुलीने शिकायचं की नाही हे घरातला पुरुष ठरवत असे. आज आपल्या मुली पालिकेच्या शाळेत हक्काने बसतात, आणि त्यांच्या आया समितीच्या बैठकीत हक्काने बसू शकतात. तेव्हा पुढच्या बैठकीला जाताना शेजारणीला सोबत घ्या, आणि मुख्याध्यापक म्हणाले, “वर कळवलंय,” तर शांतपणे विचारा, “कुणाला, कोणत्या तारखेला आणि लेखी का?”